सासऱ्यांच्या हातचा चिमटा

माणसाला न दुखवता त्याच्या हातातली वस्तू काढून घेणं ही एक कला आहे आणि ती मला येते. मी नगरपालिकेच्या तक्रार खिडकीवर बसतो. पाण्याचं बिल नाचवत, फणा काढून आलेली माणसं माझ्याशी बोलून परत जाताना आभार मानतात. बिल तेवढंच राहतं. त्यामुळे ईस्टरच्या सुटीत सासऱ्यांच्या हातून चिमटा कसा काढायचा, यावर घरात खल सुरू झाला तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, की हे काम माझ्यावर सोडा, म्हाताऱ्याला कळणारही नाही!

माझी बायको शॅरीन म्हणाली, "तुला आपल्या कुत्र्याच्या तोंडातून चप्पल काढता येत नाही, डेन्व्हर."

चिमटा म्हणजे ब्रायचा. ब्राय म्हणजे उघड्यावर आग पेटवून निखाऱ्यांवर मटण भाजणं. आमच्या पार्ल गावात घर कोणाच्या नावावर आहे हे फारसं कोणी विचारत नाही. चिमटा कोणाच्या हातात आहे हे बघतात. नियम साधा आहे. आग ज्याने पेटवली, चिमटा त्याचा. बाकीच्यांनी बिअरचा डबा धरून भोवती उभं राहायचं, निखाऱ्यांकडे बघायचं आणि स्तुती करायची. दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावणं म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश तोंडात घालणं. "ही बाजू झाली वाटतं," एवढ्या एका वाक्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

माझे सासरे जॅकोबस अपॉलिस शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झाले. शॅरीनच्या जन्माआधीपासून हे कुटुंब दर ईस्टरला क्लिपवॉटर धरणाच्या काठी, पाइनच्या जंगलात तंबू ठोकतं. तिथे वीज नाही, पाण्याचा नळ एक आणि टेकडीवर सगळ्या तंबूंना मिळून एक कोरडा संडास. आणि शनिवारी संध्याकाळी आग सासऱ्यांची. हे कोणी ठरवलेलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो, तसं.

गडबड आदल्या वर्षी झाली. त्यांनी वाढलेली कोंबडी बाहेरून सोन्यासारखी होती आणि आतून जवळजवळ जिवंत. ईस्टर रविवारी सकाळी बाकीचे तंबू धरणाकाठी प्रार्थनेला जमले होते आणि आमचं कुटुंब टेकडीवर रांगेत उभं होतं. खालून भजनं ऐकू येत होती. सासऱ्यांनी निकाल दिला, की दोष बटाट्याच्या सॅलडचा. सॅलड सासूबाईंचं! त्या बाईने आख्ख्या चर्चला ते सॅलड खाऊ घातलं आहे. त्या दिवसापासून त्यांनी सॅलड करणं सोडलं आणि नवऱ्याशी बोलणं मीठ-मिरचीपुरतं ठेवलं. या वर्षी त्यांनी जाहीर केलं, की एक तर त्याच्या हातातून चिमटा जाईल, नाही तर मी घरी राहीन. आणि लगेच पुढे बजावलं, की त्याला तोंडावर कोणी काही बोलायचं नाही. "त्याच्याकडे आता तेवढंच उरलंय."

थोडक्यात, चिमटा काढायचा होता आणि माणूस शाबूत ठेवायचा होता.

माझी योजना अशी. शनिवारी दुपारी जेवणं झाली, की मी सासऱ्यांना धरणाच्या भिंतीपर्यंत फिरायला नेणार. वाट चढउताराची, माणूस वयस्कर. परत यायला संध्याकाळ होणार. तोवर मेहुण्याने, क्लाइव्हने, आग पेटवून मोकळं व्हायचं. आग त्याची, म्हणजे चिमटा त्याचा. भांडण नाही, अपमान नाही. क्लाइव्ह म्हणाला की इतकी सोपी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही. मी नम्रपणे मान लववली.

शनिवारी निघताना मी गिर्यारोहणाचे बूट चढवले. भारी बूट. लग्नानंतर हौसेने घेतले होते आणि तेव्हापासून गॅरेजमध्ये पेटीत जपून ठेवले होते. सासरे रोजचेच जुने चामडी बूट घालून, कॉफीचा थर्मास खांद्याला लावून निघाले.

पहिल्या चढावर माझ्या लक्षात आलं, की वयस्कर माणूस मी आहे. सासरे पुढे शिट्टी वाजवत चालले होते. मी मागून, पंक्चर झालेल्या ट्रकसारखा. दुसऱ्या चढावर उजव्या बुटाचा तळ सुटला आणि प्रत्येक पावलाला टाळ्या वाजवू लागला. त्याला सोबत म्हणून थोड्या वेळाने डावाही सुटला. मी जॅकेटच्या टोपीची दोरी काढून एक तळ बांधला, दुसऱ्यासाठी सासऱ्यांनी थर्मासचा पट्टा दिला. एकही शब्द न बोलता दिला, हे जास्त लागलं.

धरणाची भिंत आली तेव्हा ऊन अजून चांगलं वर होतं. आम्ही फारच लवकर पोहोचलो होतो. क्लाइव्हने अजून लाकडंही रचली नसतील. सासऱ्यांनी कॉफी ओतली, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बोल."

"काय बोलू, बाबा?"

"सोफ्यावरून उठताना तू कण्हतोस. आज चार टेकड्या चढून आलास. माणूस माणसाला एवढं लांब आणतो तो काहीतरी बोलायलाच."

आता 'काही नाही' म्हणालो असतो तर ते उठले असते आणि परत निघाले असते. वेळ काढायला हवा होता. मी उसासा टाकला. ही माझी पहिली चूक. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, शॅरीनशी भांडण? मी मान हलवून नाही म्हटलं. तब्येत? नाही.

"मग नोकरी गेली?"

तक्रार खिडकीवर आम्हाला एक गोष्ट शिकवली आहे. उत्तर सुचलं नाही, की समोरच्याकडे सहानुभूतीने बघत मान डोलवायची. वर्षानुवर्षांची सवय. मान आपोआप डोलली.

सासऱ्यांनी आपला कप झटकून थर्मासवर बसवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खालच्या वाटेने फोर्टेन काका आले. हे आमचे शेजारच्या तंबूतले. दिवसभर गळ टाकून बसतात आणि रिकाम्या हाताने परततात. सासरे उठून त्यांच्या कानाशी लागले. फोर्टेन काकांच्या कानात सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेच्या कानात सांगणं. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, टोपी काढली आणि माझ्याकडे बघून नुकत्याच मेलेल्याकडे बघतात तसं हसले. मग भराभरा पुढे निघून गेले. मला वाटलं, मासळी नाही मिळाली म्हणून कष्टी असतील.

परतीच्या वाटेवर मी नोकरीचा खुलासा करायचा प्रयत्न केला. सासरे दर वेळी म्हणत, "राहू दे, पोरा, बोलू नकोस. वाटेकडे बघ." आणि वाटेकडे बघणं खरंच गरजेचं होतं, कारण थर्मासचा पट्टा सुटत होता.

तंबूशी पोहोचलो तेव्हा सूर्य कलला होता. आग पेटलेली नव्हती! क्लाइव्ह रचलेल्या लाकडांशेजारी हात खिशात घालून उभा होता. मी डोळ्यांनी विचारलं, काय रे हे? त्याने डोळे खाली वळवले आणि पुढे येऊन मला मिठी मारली. क्लाइव्हने मला माझ्या लग्नातही मिठी मारली नव्हती. फोर्टेन काकांकडून सासऱ्यांचा निरोप आला होता, मी येईपर्यंत आग कोणी पेटवायची नाही, असं तो पुटपुटला.

शॅरीन तंबूतून बाहेर आली. नाक लाल. तिचं म्हणणं एकच होतं, मला आधी सांगायला काय झालं होतं? माझं सगळं लक्ष बुटांत. मी म्हटलं, मलाही वाटेतच कळलं, बाहेरून सगळं ठीक दिसत होतं, आतून कुजलेलं निघालं. ती म्हणाली की त्या नगरपालिकेबद्दल तिला पहिल्यापासून संशय होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण तोवर फोर्टेन मावशी जर्दाळूच्या जॅमचं गरम पुडिंग घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मागून पलीकडच्या कॅरव्हॅनमधलं अनोळखी कुटुंब बटाट्यांची पिशवी घेऊन आलं. फोर्टेन काकांच्या भावाचा कोंबड्यांचा फार्म आहे आणि तिथे अंडी मोजायला प्रामाणिक माणूस हवा आहे, असं मला सांगण्यात आलं. माझं बोलणं कोणी ऐकेना. मी म्हणालो, नोकरी आहे, खरंच आहे, तर मावशी सासूबाईंना म्हणाल्या, "बघा, मानायलाच तयार नाही बिचारा."

आणि मग सासरे चिमटा घेऊन आले.

लांब दांड्याचा चिमटा, दोन्ही लाकडी मुठी त्यांनी स्वतः तासलेल्या. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"आजची आग तुझी," ते म्हणाले. "माणसाला पाय ठेवायला कुठेतरी जमीन लागते."

फोर्टेन काकांनी पुन्हा टोपी काढली. सासूबाईंनी डोळ्यांना पदरासारखा ॲप्रन लावला आणि कित्येक महिन्यांनी नवऱ्याकडे सरळ बघितलं. मी क्लाइव्हकडे बघितलं. ठरलं होतं ते अगदी ठरल्याप्रमाणे झालं होतं. चिमटा सासऱ्यांच्या हातून गेला होता, माणूस शाबूत होता, उलट थोडा उंच झाला होता. फक्त तो चिमटा क्लाइव्हऐवजी माझ्या हातात होता, आणि मी आयुष्यात टोस्टपलीकडे काही भाजलेलं नव्हतं.

दिलेला चिमटा नाकारणं त्याला हात लावण्याहून वाईट. शॅरीन कानात म्हणाली, "घे."

घेतला. आग पेटवली. लाकडं जळून निखारे होईपर्यंत थांबायचं असतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण भोवती सगळे माझ्याकडे पाणावल्या डोळ्यांनी बघत असताना तेवढा वेळ नुसतं उभं राहवेना. ज्वाळा असतानाच मी सॉसेजचं वेटोळं जाळीवर टाकलं. ते फुगलं. मला वाटलं फुटेल, म्हणून काट्याने टोचलं. मागे क्लाइव्हने पोटात गुद्दा बसल्यासारखा आवाज केला. सॉसेजला टोचणाऱ्याला आमच्याकडे मयताच्या जेवणालाही बोलावत नाहीत. चरबीची धार निखाऱ्यावर पडली आणि माझ्या भुवयांच्या उंचीपर्यंत जाळ उठला. एरवी एकाने तरी सल्ला दिला असता. त्या दिवशी सगळे म्हणाले, "छान चाललंय."

पहिलं ताट गेलं. तो प्रकार कापताना आवाज येत होता. सासूबाईंनी एक तुकडा चावून चावून गिळला आणि मला म्हणाल्या, "कुरकुरीत झालंय हं." फोर्टेन काका म्हणाले, कोळशाने पोट साफ राहतं. कोणाच्याही डोळ्यांतलं पाणी धुराचं होतं की माझ्या नशिबाचं, हे कळायला मार्ग नव्हता.

मला ते सहन होईना. सासरे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, "बाबा, माझी नोकरी गेलेली नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "नगरपालिकेतून आजवर कोणाची गेली आहे?"

"मग फोर्टेन काकांना कशाला..."

"हळू बोल." त्यांनी मागे बघून घेतलं. "कोंबडी गुलाबी आहे की पांढरी, मला संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही. गेल्या वर्षीही दिसली नव्हती. सॅलडचा काही दोष नव्हता, पण हे तिला मीच सांगेन, तू नाही. चिमटा मला द्यायचाच होता. नुसता दिला असता तर म्हणाले असते, म्हातारा संपला. अडल्या माणसाला दिला, तर म्हणतील मन मोठं. गेला महिनाभर मी अडलेला माणूस शोधत होतो. तू आयता चालत आलास."

सुदैवाने या वेळी माझी मान डोलली नाही.

त्यांनी जाळीवरच्या अवशेषांकडे वाकून, वास घेऊन बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापरा झाला. "पण निदान एवढं तरी तुला येत असेल असं मला वाटलं होतं रे."

"कोंबडी अजून टाकली नाही," मी म्हणालो.

"देवाची कृपा." त्यांनी माझ्या हातातून चिमटा घेतला, जळती लाकडं बाजूला सारली, निखारे पसरले, वर तळहात धरून आच मोजली. कोंबडी लावली. मग मला जवळ ओढलं. "तू फक्त बघ आणि सांग. हाडापाशी रंग कोणता?"

"गुलाबी."

चर्र आवाज येत राहिला. त्यांनी कान देऊन ऐकलं, उलटवली, पुन्हा ऐकलं. "आता?"

"अजून थोडी गुलाबी."

"आता?"

"पांढरी. पांढरी, बाबा!"

लांबून बघणाऱ्यांना एवढंच दिसलं, की म्हातारा बेकार जावयाच्या खांद्यावर हात टाकून त्याला धीर देतो आहे. फोर्टेन मावशींना रडू आवरेना. ती कोंबडी मात्र अशी झाली होती, की रडतारडता त्यांनी दोनदा घेतली. जेवण झाल्यावर सासरे सासूबाईंच्या खुर्चीशेजारी बसून काहीतरी हळू आवाजात बोलले. सासूबाईंनी त्यांना चमच्याने मारलं आणि रविवारी सकाळी बटाटे उकडायला ठेवले. बटाटे होतेच, पिशवीभर.

माझ्या नोकरीचा खुलासा मी घरी आल्यावर केला. शॅरीनने फोर्टेन मावशींचं पुडिंगचं भांडं परत करायला मला एकट्यालाच पाठवलं.

तेव्हापासून ब्राय पुन्हा सासऱ्यांचा आहे आणि मी त्यांच्या शेजारी ताट धरून रंग सांगायला उभा असतो. बाहेरच्यांना वाटतं, जावई स्तुती करतोय. परवाच्या ईस्टरला कोंबडी उतरल्यावर मला जरा धीर आला. मी म्हटलं, बाबा, शेवटचं सॉसेज एकदा मी उलटून बघू का?

त्यांनी चिमटा दुसऱ्या हातात, माझ्यापासून लांब घेतला.

"पोरा," ते म्हणाले, "तू तुझी नोकरी सांभाळ."