दोन पॉइंट चोपन्न

नोंदणी कार्यालयातील मुख्य कारकुनांना एक छोटा वायर-कनेक्टर हवा होता. छोटा म्हणजे शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा, आणि एकच. ही मागणी वाजवी नव्हती असं कोणीही म्हणणार नाही. सदर मुख्य कारकून म्हणजे प्रस्तुत लेखक नव्हे, असं प्रस्तुत लेखकाने लेखी कळवलं आहे, आणि त्या पत्राची पोचही त्याने स्वतःच स्वतःला दिली आहे.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. त्यांच्या आईचा पाय मोडला होता आणि ती मागच्या खोलीत पडून होती. तिच्या उशाशी एक बटण होतं, स्वयंपाकघरात घंटी होती. आईने बटण दाबलं की घंटी वाजे, आणि घरातलं कोणीतरी उठून जाई. बाजारातून आणलेली ही घंटी बिनतक्रार चालत होती, आणि घरात इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेला माणूस असला की चालणाऱ्या वस्तूचं काही खरं नसतं. एका रविवारी मुख्य कारकुनांनी ती सहज म्हणून उघडली. आत दोन वायरी नुसत्या एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी लावलेली होती. हे पाहून त्यांच्या अंगावर काटाच आला. आपल्या जन्मदात्या आईची हाक असल्या पिळावर अवलंबून असावी, हे त्यांना सहन होईना. त्यांनी तिथल्या तिथे वायर कापली, घंटीचं सर्किट नव्याने बांधायला घेतलं आणि जोडाच्या जागी व्यवस्थित कनेक्टर बसवायचा ठराव केला. ठरावाला अनुमोदक कोणी नव्हता.

पत्नीने वायरमनला बोलावून आणलं. त्याने दाराशी उभ्यानेच पाहिलं.

"दोन मिनिटांचं काम आहे. पीळ मारतो, पट्टी लावतो, झालं."

"आणि उद्या पीळ सुटला तर?" मुख्य कारकुनांनी विचारलं.

"तर परवा परत मारू."

"अशाने व्यवस्था टिकत नाही," मुख्य कारकून म्हणाले. वायरमनने पत्नीकडे पाहिलं, पत्नीने छताकडे पाहिलं, आणि वायरमन चहा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ते सुट्या भागांच्या दुकानात गेले. काउंटरमागे भिंतभर बारीक खण होते आणि दुकानदार चष्म्यावरून बघत होता.

"नाव?"

"माझं?"

"कनेक्टरचं."

"नाव माहीत नाही हो. तो बघा, तुमच्या डाव्या हाताला, दुसऱ्या खणात आहे तोच."

दुकानदाराने वळून खणाकडे नीट पाहिलं. "आहे खरा. पण नाव सांगितल्याशिवाय काढता येत नाही. उद्या तुम्हीच याल आणि म्हणाल, हा नव्हताच."

दुसरा कोणी असता तर भडकला असता. मुख्य कारकुनांचा मात्र ऊर भरून आला. वीस वर्षं ते याच स्वरात लोकांचे अर्ज परत करत आले होते. समोर उभ्या असलेल्या माणसाकडून तो स्वतः हयात असल्याचा दाखला त्यांनी आजवर कित्येकदा मागितला होता. काउंटरच्या या बाजूला उभं राहून आपली पद्धत किती चोख आहे, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं. दुकानदार अगदी त्यांच्या तोडीचा निघाला होता.

"बरं, दोन पिनांमधलं अंतर किती?" दुकानदाराने विचारलं.

"अडीच मिलिमीटर."

"अडीच, की दोन पॉइंट चोपन्न?"

"फरक पडतो?"

"चाळीस पिना असतील तर पडतो. तुमच्या किती?"

"दोन."

"मग कुठलाही चालेल," दुकानदार म्हणाला आणि खण उघडायला लागला.

इथे त्याने सगळं मुसळ केरात घातलं. 'कुठलाही चालेल' हे वाक्य मुख्य कारकुनांनी उभ्या नोकरीत कधी उच्चारलं नव्हतं, आणि दुसऱ्याने उच्चारलेलं त्यांना खपत नसे. दुकानदाराबद्दलचा त्यांचा आदर एका क्षणात उतरला. "मी मोजून येतो," एवढं बोलून ते बाहेर पडले. खण अर्धा उघडाच राहिला.

घरी तात्पुरती व्यवस्था म्हणून आईला एक पेला आणि चमचा देण्यात आला. हवं असेल तेव्हा तिने चमच्याने पेला वाजवायचा. दोन दिवस तिने तो वाजवला. तिसऱ्या दिवशी त्या आवाजाने मुख्य कारकुनांचं मोजमाप चुकलं, तेव्हा त्यांनी आईच्या गरजांचं वेळापत्रक तयार करून भिंतीला लावलं. पाणी, औषध, बाथरूम, कूस बदलणे, प्रत्येकाची वेळ ठरली. खाली टीप होती : अन्य वेळी उद्भवलेल्या गरजेचा विचार पुढील वेळेत केला जाईल.

"अहो, त्या आई आहेत तुमच्या, अर्जदार नाहीत," पत्नी म्हणाली.

"अगं, कनेक्टर येईपर्यंतच आहे हे."

आईने चष्मा लावून वेळापत्रक वाचलं आणि अक्षर छान आलंय म्हणाली.

अंतराचा निकाल लावण्यासाठी मुख्य कारकुनांनी हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये प्रश्न टाकला. ग्रुपमध्ये दोनशे अकरा जाणकार होते. पहिलं उत्तर लगेच आलं : 'आधीचे मेसेज बघा.' त्यांनी आधीचे मेसेज पाहिले. तोच प्रश्न चौदा जणांनी विचारला होता आणि चौदाही जणांना आधीचे मेसेज बघायला सांगितलं होतं. मग एका निवृत्त अभियंत्याने शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो मागवला. फोटो पाठवला तर मोजपट्टी तिरकी निघाली. सरळ केली तर मोजपट्टीच्याच प्रामाणिकपणावर शंका आली. चौथ्या दिवशी ग्रुपमध्ये अडीचवाले आणि चोपन्नवाले असे दोन तट पडले. सातव्या दिवशी एक जण दुसऱ्याच्या शिक्षणाबद्दल बोलला, आणि तिघे ग्रुप सोडून गेले. नवव्या दिवशी मतदान झालं, आणि दोन पिनांमधलं अंतर सहा मतांच्या फरकाने दोन पॉइंट चोपन्न असल्याचं जाहीर करण्यात आलं. हरलेल्या बाजूने शास्त्र अशा पद्धतीने चालत नसतं म्हणून निषेध नोंदवला, आणि हा निषेध जिंकलेल्यांनाही पटला.

माल घरपोच मागवावा लागला, कारण आता त्या दुकानात जायला मुख्य कारकुनांना तोंड नव्हतं. शंभरचं पाकीट आलं. उघडलं तर प्लास्टिकची नुसती पोकळ खोकी, आतला धातू नाहीच. 'आतल्या पिना वेगळ्या मागवाव्यात' असं पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं. पिना आल्या. त्या वायरीवर दाबायला वेगळी पकड लागते हे पिना आल्यावर कळलं, आणि पकड आल्यावर ती चालवायला हात लागतो हे कळलं. मुख्य कारकुनांचा हात वीस वर्षं शिक्के मारून तयार झालेला. ते पिनेवरही शिक्का मारल्यासारखेच दाबत आणि पिनेचा चपटा पत्रा होई. शंभरातल्या शहाण्णव पिना अशा कामी आल्या. शहाण्णवावीनंतर त्यांनी कपाळाला हात लावला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आपण मूर्ख आहोत. हा विचार त्यांनी पुढील आदेशापर्यंत प्रलंबित ठेवला.

शनिवारी दुपारी सत्त्याण्णवावी पिन बसू लागली. घरात दोघंच होती. मागच्या खोलीत पेला वाजला.

"आलो, आई. एक पिन राहिलीय."

थोड्या वेळाने परत वाजला, जरा हळू.

"आलोच. आता हलवली तर सगळं जाईल बघ."

त्यानंतर पेला वाजला नाही. सत्त्याण्णवावी पिन बसली, अठ्ठ्याण्णवावीही बसली, दोन्ही खोक्यात सरकल्या आणि कनेक्टर सर्किटवर टक्कन बसला. घंटी अशी खणखणीत वाजली की मुख्य कारकुनांचे डोळे पाणावले. कधी एकदा आईला ऐकवतो असं त्यांना झालं. पाऊण तास उलटून गेला होता. ते बटण घेऊन मागच्या खोलीत धावले.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. नेसू बदललेलं होतं. ओली चादर तिने स्वतःच ओढून काढून घडी घालून खाली ठेवली होती, आणि एका हाताने पलंगाचा दांडा धरून ठेवला होता.

"अगं, उठलीस कशाला? पडली असतीस तर?"

"तू कामात होतास ना," आई म्हणाली.

मुख्य कारकुनांनी जे येत होतं ते सांगितलं. नवी घंटी एकदा दाबली की पाणी, दोनदा दाबली की बाथरूम. आवाज वेगवेगळे ठेवलेत. जोड आता जन्मात सुटायचा नाही.

"आणि तीनदा दाबली तर?" आईने विचारलं.

"तिसरं अजून ठरवलं नाही. तुला काय हवंय सांग, तसं ठेवतो."

आईने बटण हातात घेऊन जरा विचार केला. "राहू दे," ती म्हणाली. "छान केलंयस. लागलं तर वाजवीन हं."

त्याला आता चार महिने झाले. आई भिंतीला धरून आपली आपण सगळीकडे जाते. पाणी घेते, औषध घेते, कोणाला हाक मारत नाही. घंटी एकदाही बिघडली नाही, कारण ती एकदाही वाजलेली नाही. मुख्य कारकून मधूनच आईच्या खोलीच्या दाराशी जाऊन काही हवंय का विचारतात. काही नको म्हणते.

कनेक्टरचा फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला होता, आणि सोबत ही सगळी हकिकत लिहिली होती, आत्ता तुम्ही वाचलीत तशीच. त्यावर आजपर्यंत सदतीस प्रतिक्रिया आल्या आहेत. त्यातल्या एकतीस अंतराबद्दल आहेत, पाच पकडीबद्दल, आणि एकात वायरीचा रंग चुकल्याचं दाखवून दिलं आहे. आईचा कुठला पाय मोडला होता, डावा की उजवा, हे लिहायचं हकिकतीत राहूनच गेलं. कोणी विचारलं नाही. तुम्हीही नाही.