रूडी कांगसची जाहीर मालमत्ता

आयली कांगसला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला आणि तिच्या बापाची भूक गेली. एक कॉलेज तळ्याच्या काठानं चाळीस मिनिटांवर होतं. दुसरं ऑरेगॉनमध्ये, म्हणजे नकाशाच्या पार दुसऱ्या कडेला. मिशिगनच्या वरच्या टोकाच्या त्या गावात रूडीचं करवती आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. घरात बोलायला आयली, आणि आयली शाळेत गेली की रेडिओ. रेडिओ उत्तर देत नाही, एवढीच रूडीची त्याच्याबद्दल तक्रार होती.

ऑरेगॉनवाल्यांनी मदत देऊ केली होती, पण तरी वर्षाला नऊ हजार डॉलर कमी पडत होते. हे कळलं तेव्हा रूडीनं तोंड पाडून "अरेरे" म्हटलं आणि दुकानात जाऊन तासभर शीळ घालत बसला. संध्याकाळी आयलीनं ती शीळ बंद केली.

"बाबा, अपील करता येतं. पालकानं पत्र लिहून आपली अडचण सांगायची."

"म्हणजे परक्यांसमोर रडायचं?"

"रडायचं नाही, लिहायचं. सगळे लिहितात."

"कांगस घराण्यात आजवर कुणी..."

"बाबा, लिहिशील ना?"

असं विचारताना आयलीची डावी भुवई वर जायची, थेट तिच्या आईसारखी. रूडी हो म्हणून बसला.

रात्र गेली, सकाळ झाली, कागद कोरा. अडचणी लिहाव्यात तर नऊ हजार मिळणार आणि पोरगी जाणार. खोटं लिहावं तर ते रूडीला जमत नसे. खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे. शेवटी त्याला सुचलं की खरं बोलूनच स्वतःचा घात करता येईल. मदतीच्या मूळ अर्जात न लिहिलेलं बरंच काही त्याच्या मालकीचं होतंच की! त्यानं झरझर लिहून काढलं: बर्फावर चालवायच्या पाच स्नोमोबाईल, दोन बोटी, रानात हरणांच्या शिकारीसाठी बांधलेलं घर, वाफ घ्यायची स्वतंत्र खोली म्हणजे सॉना, आणि दोन अख्खी हरणं मावतील एवढा फ्रीजर, हरणांसकट. वाचून त्याला स्वतःलाच आपण कोणी बडी असामी असल्यासारखं वाटलं. अशा माणसाला मदत कोण देईल? त्यानं पत्र पाठवून दिलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

आठवड्यानं कॉलेजच्या मदत विभागातल्या मिस डेलगाडो यांचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार. कृपया सर्व मालमत्तेचे फोटो आणि अधिकृत किंमत पाठवावी.

एप्रिल अर्धा सरला होता तरी मालमत्तेवर कमरेएवढं बर्फ होतं. रूडी दोन दिवस फावडं मारत होता. किंमत ठरवायला गावाची घरपट्टी आकारणारी हेल्मी आली. ती शाळेत रूडीच्याच वर्गातली, त्यामुळे जिभेला लगाम नाही.

"ही पहिली स्नोमोबाईल का?"

"हो."

"इंजिन कुठाय?"

"ते दुसरीत घातलंय."

"मग दुसरी चालते?"

"दुसरीचे पट्टे तिसरीला लावलेत."

"रूडी, पाचवीत नक्की काय आहे?"

"पाचवीत... चिचुंद्र्या आहेत."

एका बोटीतून बर्चचं झाड उगवलं होतं, चांगलं बारा फुटी. दुसरीला तळ नव्हता. रानातलं घर कागद कंपनीच्या भाड्याच्या जमिनीवर होतं आणि त्याचं छप्पर जानेवारीतच आत बसलं होतं.

"अगं, जरा चढीच किंमत लाव," रूडी काकुळतीला आला.

"लोक कमी लाव म्हणून माझ्या पाया पडतात. तुला काय झालंय? ताप आहे का?"

हेल्मीनं चारशे तीस डॉलर लिहून शिक्का मारला. त्यातले तीनशे फ्रीजरचे होते. रूडीनं फोटो लांबून काढले, पण झाड कुठूनही दिसायचंच. मुदतीचा दिवस आला, आणि दाबून ठेवणंही त्याला जमेना. त्यानं सगळं पाठवलं.

एप्रिलच्या चोवीस तारखेला दुपारी फोन वाजला. रूडी ओट्याशी पास्त्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, करत होता आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. आयलीनं फोन उचलून स्पीकरवर लावला.

"मिस्टर कांगस, मी डेलगाडो. तुमचे फोटो आमच्या अख्ख्या समितीनं पाहिले."

"झाड आहे ते... काढता येतं," रूडी म्हणाला.

"अठरा वर्षं मी ही पत्रं वाचतेय. स्वतःविरुद्ध जाईल असं कुणी आपणहून कळवल्याचं मला आठवत नाही. आम्ही तुमचा मूळ अर्जही पुन्हा पाहिला. दुकानातल्या मोडक्या हत्यारांनासुद्धा तुम्ही नव्याची किंमत लावलीय. नऊ हजार मंजूर झालेत, आणि वर सुट्टीत घरी येण्याचं विमानभाडंसुद्धा."

रूडीच्या हातातला गोळा ओट्यावर पडला.

"आणखी काही जाहीर करायचं राहिलंय का?" बाईंनी हसत विचारलं.

"राहिलंय," रूडी म्हणाला. आपण काय बोलतोय हे कळायच्या आत तो बोलून गेला. "ती गेली की या घरात मी एकटा उरतो. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?"

"त्याला रकाना नाही, मिस्टर कांगस. असता तर आमचे पैसे कुणालाच पुरले नसते."

फोन ठेवल्यावर रूडी गोळा पुन्हा मळू लागला. त्याचे कान लाल झाले होते, आणि या वेळी तर तो खोटंही बोलला नव्हता.

"तुझं पत्र मी पहिल्याच दिवशी वाचलं," आयली म्हणाली. "तू पाठवतोस ते सगळं कॉलेजच्या साइटवर माझ्याच खात्यात जमा होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"चिचुंद्र्यांसकट."

"मग ओरडली का नाहीस? नसते मिळाले नऊ हजार तर गेली असतीस की तळ्याकाठी. चांगलं आहे ते."

"तळ्याकाठच्यांना मी मार्चमध्येच 'येत नाही' म्हणून कळवलंय."

"म्हणजे मी जिंकलो असतो तर..."

"तर मी कुठंच गेले नसते. तुझ्या दुकानात कार्ब्युरेटर पुसत बसले असते."

"बाई गं! हे मला आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू आणखी दोन बोटी जाहीर केल्या असत्यास."

रूडीला हसू फुटलं. आयलीही हसली, आणि दोघं बराच वेळ हसत होते, कारण थांबल्यावर काय बोलायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. अखेर रूडीनं पास्तीची कड दाबून बंद केली.

"ऑगस्टच्या वीसला निघायचं ना?" तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "बराच वेळ आहे अजून. चार महिने तरी."

"एकशे अठरा दिवस," आयली चटकन म्हणाली. तिला मोजावं लागलं नाही.