दोन दम

आळंदच्या शाळेत संकर्षण मास्तरांच्या वर्गाचा गलका थेट बाजारापर्यंत ऐकू जाई. मास्तरांनी कुणाला 'गप्प बस' म्हटलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. अशा माणसाला समुद्रात बुड्या मारायचा नाद लागला, कारण पाण्याखाली कुणालाच बोलता येत नाही. तिथे मास्तर चारचौघांसारखे होते.

आता त्यांना 'रेस्क्यू डायव्हर' व्हायचं होतं, म्हणजे बुडणाऱ्याला वाचवणारा पाणबुड्या. त्या शिक्षणाला प्रथमोपचार आणि सीपीआरचं कार्ड आधी लागतं. कार्ड मिळायच्या आतच मास्तरांनी गावभर सांगून टाकलं आणि शाळेने शाल-नारळ देऊन सत्कारही उरकला. नारळाची चटणीसुद्धा होऊन गेली. आता नापास होऊन परतायची सोय उरली नव्हती.

कलबुर्गीच्या वर्गात महेशकुमार सर रबरी पुतळ्यावर प्रात्यक्षिक दाखवत होते, नेमका तेव्हाच मास्तरांच्या बायकोचा, जयंतीबाईंचा फोन आला.

"अहो, गॅसची टाकी संपली. नव्या टाकीला रेग्युलेटर बसंना झालाय!"

समुद्रात पाठीवर टाकी बांधणारे मास्तर बाहेर जाऊन बराच वेळ समजावत राहिले, पण रेग्युलेटर काही बसला नाही. परत आले तेव्हा सरांचं शेवटचं बोलणं तेवढं कानावर पडलं.

"तीसदा छाती दाबायची, मग दोनदा दम द्यायचा. दम नीट न्हाई दिला तर कार्ड न्हाई!"

 मास्तरांना दाबणं जमलं असतं, पण दम देणं?

त्यांचं नाव पुकारलं गेलं. मास्तरांनी तीसदा दाबलं, घाम पुसला आणि पुतळ्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "हे बघा, उठा बरं आता. न्हाई तर मला हेडमास्तरांना सांगावं लागंल."

"काय करायलात सर?" महेशकुमारांनी विचारलं.

"पहिला दम दिला. दुसरा द्यायचाय."

"अहो, दम म्हंजे श्वास! तोंडानं फुंकायचा!"

वर्गात शेजारी बसलेली प्रियंका नर्स हसून हसून भिंतीला टेकली. "दम द्यायलात का अर्ज करायलात, सर?"

मास्तरही हसले. स्वतःला हसण्याचा सराव त्यांना जुना होता. मग त्यांनी पुतळ्याचं नाक चिमटीत धरून दोनदा फुंकलं, आणि दोन्ही वेळा त्याची छाती वर आली. मास्तर पास झाले.

कार्ड देता देता महेशकुमार म्हणाले, "पण सर, तुमचा तो दुसरा दम बी शिका. बुडणारा माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. तवा डोकं वर काढून 'गप! सोड!' म्हणून वरडावं लागतंय, न्हाई तर दोघं बी तळाला. घरी सराव करा."

मास्तर हिरमुसले. ज्या ओरडण्याला भिऊन ते समुद्रात पळाले होते, ते तिथेही येऊन बसलं होतं.

तरी घरी पोचल्यावर त्यांनी दारातच छाती फुगवली आणि डोळे मिटून ओरडले, "जयंती! गप!"

जयंतीबाई पाना हातात घेऊन बाहेर आल्या. "काय म्हणलात?"

"गप... गप्पा मारू म्हणलं, जरा."

"सकाळपासून घरात चहा न्हाई, अन् गप्पा? कामून उभं राह्यलात? टाकी बसवा आधी! हलवा पाय!"

मास्तरांचे पाय आपोआप हलले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मात्र ते थबकले आणि कौतुकाने वळून म्हणाले, "हेच जरा पुन्हा म्हणशील का? सावकाश. मला शिकायचंय."