महाराजांची माळ आणि उतरलेली बॅटरी

एका जंगलात गोदाक्का नावाची साळिंदरीण घसा कोरडा होईस्तोवर खरं सांगत होती, आणि तिचं कुणी खरं मानत नव्हतं. नाक पुसा मुलांनो, आणि तुम्ही तरी ऐका.

जंगलात एकच जीप होती. आजारी, अडलेल्या जनावरांना नदीपलीकडच्या वैदूकडे न्यायची. ती गोदाक्का चालवायची. एकदा ढकलून सुरू केली की दिवसभर जीप झकास पळे. सकाळी किल्ली फिरवली की नुसती टिकटिक. बॅटरी उतरलेली.

जीपमध्ये, पुढच्या काचेपाशी, वाघोबा महाराजांचा फोटो होता. फोटोभोवती लाल-हिरव्या दिव्यांची माळ. महाराजांचं तोंड क्षणभरही अंधारात राहू नये म्हणून तिची वायर थेट बॅटरीला जोडलेली. जीप बंद केली तरी माळ आपली पेटलेलीच.

"रात्रभर ही माळ बॅटरी पिते," गोदाक्का म्हणाली.

"फोटोला कधी तहान लागते का, अक्का?" सरपंच रानडुक्कर म्हणाले. "तुमचं आपलं काहीतरीच."

सरपंचांनी नवी बॅटरी आणवली. जुनीला कामचुकार म्हणून हाकललं. नवीही उतरली. मग तिला सोबत म्हणून शेजारी आणखी एक बसवली. दोघी मिळून उतरल्या.

शेवटी माकड मिस्त्री आला. बॅटरी भरणारा डायनामो पाहिला, तो ठणठणीत. जीप बंद करून मीटर लावला, तर काटा वर, म्हणजे वीज कुठेतरी जातच होती. मिस्त्री एकेक वायर काढून बघू लागला. हॉर्नची काढली, काटा तसाच. माळेची काढली, काटा धपकन शून्यावर.

मिस्त्रीने फोटोकडे पाहिलं. फोटोतल्या दातांकडे पाहिलं. वायर गुपचूप परत जोडली.

"बॅटरीच नाजूक," तो मोठ्याने म्हणाला.

"अरे माकडा, काटा पडलेला मी बघितला."

"अक्का, मला शेपूट आहे," तो हळूच म्हणाला. "आणि ते मला लागतं."

त्याच संध्याकाळी गोदाक्काने स्वतः वायर उपटली. महाराजांच्या पहारेकरी लांडग्यांनी ती परत जोडली, वर तिलाच दम दिला.

पहाटे तुळसा हरिणीला कळा सुरू झाल्या. पाडस अडलं होतं. गोदाक्काने तिला मागच्या सीटवर निजवलं, किल्ली फिरवली. टिक. टिक. माळ तेवढी लुकलुकत होती.

"ढकला रे मेल्यांनो," गोदाक्का ओरडली.

सगळ्यांनी ढकललं. जीप चढावर होती, ती मागेच आली. तेव्हा गोदाक्काने अंगावरचे काटे मिटले, ती मागच्या सीटवर चढली आणि तिने पाडसाला ओढून बाहेर काढलं. दोघी वाचल्या.

सरपंचांनी तिथेच चौकशी बसवली. जीप ऐनवेळी बंद पडली, म्हणजे कुणीतरी दोषी हवंच.

"ही काय, समोर पेटलीय," गोदाक्का म्हणाली.

सगळे आपापल्या खुरांकडे बघू लागले. मिस्त्रीला खूर नव्हते. तो आभाळाकडे बघू लागला.

"दोष पाडसाचा," सरपंच म्हणाले. "ऊन पडेपर्यंत दम धरला असता, तर तिसरी बॅटरी आणली असती."

"अहो, ती आत्ता जन्मलीय."

"तेच म्हणतोय मी. आल्या आल्या हे धंदे."

निकालात दोषीचं नाव लागतं. पाडसाला नाव नव्हतं. म्हणून उभ्या उभ्या बारसं उरकलं.

तात्पर्य: गाडी बंद पडली तर वायर शोधत बसू नये. जिला अजून उभंही राहता येत नाही, अशी कुणीतरी शोधावी. बॅटरी तीच खाते. तिचं नाव रेवती.