पुण्यापेक्षा सिंगापूर जवळ

आमच्या शेजारचे झनकलाल काकाजी यांच्या मते गोंदियाजवळच्या आमच्या दवनीवाड्याहून पुण्यापेक्षा सिंगापूर जवळ आहे. हे मत ते नुसतं बोलून दाखवत नाहीत. त्यावर त्यांनी मुलीचं लग्न लावून दिलंय.

सरितासाठी दोन स्थळं आली होती. एक मुलगा पुण्याचा, दुसरा सिंगापूरला नोकरीला. काकाजींच्या बायकोचा, चैतीकाकूंचा, कल पुण्याकडे. काकाजींनी मला अंगणात बोलावून विचारलं, "पुण्याले कितीक वेळ लागते गा?"

"गोंदियाहून रेल्वेनं अख्खी रात्र, वर आणखी काही तास."

"अन् मुंबईहून सिंगापूर?"

"विमानानं साडेपाच तास."

"मंग पोरगी इतकी दूर पुण्याले कायले देता?" म्हणत त्यांनी सिंगापूरवाल्याला होकार कळवून टाकला.

"पण काकाजी, आधी मुंबई गाठावी लागते ना!"

"मुंबई आपलीच होय. आपल्याच राज्यात फिरलं तर त्याले का प्रवास म्हणतेत?"

पानठेल्यावर कोणीतरी मुंबई-सिंगापूर अंतर जवळजवळ चार हजार किलोमीटर असल्याचं काढलं. काकाजी भडकले. "हवेत दगड गाडले आहेत का रे किलोमीटरचे? आमचे पूर्वज माळव्याहून बैलगाडीनं आले. मोजत बसले असते तर तिथंच राह्यले असते!"

तेव्हापासून घरासमोरची एसटी उशिरा आली की काकाजी म्हणणार, "एवढ्यात समुद्र लागला असता." काकू आतून ओरडत, "एवढं जवळ आहे तं जेवण तिथंच करून या ना!"

पण काकाजी कधी गेले नाहीत. आधी रोवणी, मग कापणी, मग धानाची विक्री. "जवळच्या घरी कायची घाई?"

यंदा सरिताला दिवस गेले. बाळंतपणाला काकू जाणार होत्या, डिंकाचे लाडूही वळून झाले होते. पण वेळेआधीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. रोवणीच्या चिखलात उभ्या काकाजींना जावयाचा फोन आला. पडद्यावर सरिता दिसली. एवढंच म्हणाली, "बाबूजी, या ना."

"येऊन राहिलो," काकाजी म्हणाले. घरी येऊन पाय धुतले, लाडवांचा डबा पिशवीत टाकला आणि थेट रस्त्यावर. मी गोंदियाला निघालो होतो. आम्ही एकाच एसटीत चढलो.

"कुठं, काकाजी?" कंडक्टरनं विचारलं.

काकाजींनी तोंड उघडलं, मिटलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लय दूर आहे का गा?"

मी गोंदियाची दोन तिकिटं काढली. काकाजी पिशवी छातीशी धरून खिडकीबाहेर बघत बसले. पायांवरचा चिखल नीट निघालाच नव्हता.

अर्ध्या वाटेत माझ्या फोनवर काकूंचा आवाज आला. नात झाली. दोघी बऱ्या आहेत.

काकाजींनी दुपट्ट्यानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि पुढच्या बाकावरच्या अनोळखी बाईला सांगितलं, "नात झाली." बाईनं हसून हात जोडले.

"आता परत फिरायचं का, काकाजी?" मी विचारलं.

"काऊन?" ते माझ्यावर खेकसले. "पोरगी बोलावून राहिली ना? पासपोर्ट कुठं काढतेत, पहिले तिकडं चल."