वस्तादांचं टोरोंटो

वस्तादांची कात्री पोस्टमास्तरांच्या डाव्या कानाजवळ पोचली आणि नेमकी तेव्हाच पोस्टमास्तरांनी मान वळवली. कानावर आलेलं संकट केसांवर निभावलं, पण डावा कल्ला उजव्यापेक्षा चांगला बोटभर वर गेला.

"अहो, मान स्थिर ठेवा की!"

"मान गेली खड्ड्यात. वस्ताद, तुमचं टोरोंटो चुकलंय!"

बाकावर नंबर लावून बसलेल्या तिघांनी वर्तमानपत्रं खाली केली. खुर्च्यांच्या मागची सगळी भिंत कालपासून टोरोंटोनं व्यापली होती. खाली निळं पाणी, वर इमारतींची दाटी आणि त्यात सगळ्यांच्या डोक्यावरून बघणारा तो उंच मनोरा.

वस्तादांची लेक तीन वर्षांपूर्वी हिशेबनिसाचं शिक्षण घ्यायला कॅनडात गेली होती. दर रविवारी ती शहरांचे फोटो पाठवायची आणि सोमवारी वस्तादांचा फोन बाकावरून हातोहात फिरायचा. शेजारच्या दाताच्या डॉक्टरांचा जीव व्हँकुव्हरवर, कारण मागे डोंगर. पोस्टमास्तर निवृत्त झालेले, हाताशी वेळच वेळ. ते कॅलगरीच्या इमारतींचे मजले मोजायचे आणि दर वेळी वेगळा आकडा सांगायचे. मतदान झालं तेव्हा मात्र टोरोंटो निवडून आलं आणि वस्तादांनी तोच फोटो मोठा छापून भिंतीवर लावला.

त्यालाही कारण होतं. शुक्रवारी लेक येणार होती. एवढ्या उंच इमारती बघून आलेल्या मुलीला बापाचं दोन खुर्च्यांचं दुकान खुजं वाटेल, या काळजीनं वस्ताद पार पोखरून निघाले होते.

"चुकलंय म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"फोन काढा. लेकीच्या फोटोत मनोरा कुठंय? उजवीकडे. आता आरशात बघा. डावीकडे!"

दुसरा कोणी असता तर त्यानं सरळ मागे वळून भिंत पाहिली असती. पण तीस वर्षं वस्तादांनी माणसांची तोंडं आरशातच पाहिली होती. त्यांच्या लेखी आरशात दिसतं तेच खरं आणि बाकीचं जग पाठमोरं.

"भिंतीवर बरोबर आहे हो," डॉक्टर म्हणाले. "आरशात उलटं दिसणारच."

"माझी गिऱ्हाइकं भिंतीकडे पाठ करून बसतात, डॉक्टर. भिंत बघणार कोण?"

वस्तादांनी तडक छपाईवाल्याला गाठलं.

"काका, लोक उलटा फोटो सुलटा करून मागतात," तो डोकं खाजवत म्हणाला. "तुम्ही सुलटा उलटा करायला सांगताय."

"उलटा लाव, म्हणजे सुलटा दिसेल."

बुधवारी नवं टोरोंटो भिंतीवर चढलं. आता फोनमधला मनोरा आणि आरशातला मनोरा एकाच बाजूला आले. पोस्टमास्तरांनी एका कल्ल्यावर हात फिरवत मान्यता दिली. वस्तादांनी सुस्कारा टाकला.

गुरुवारी डॉक्टर एक कॅलेंडर घेऊन आले. बारा महिने, बारा शहरं, सगळी कॅनडातली. त्यांनी टोरोंटोचं पान उघडून आरशाशेजारी धरलं. जुळेना. मग भिंतीपाशी नेलं. अगदी तंतोतंत जुळलं!

"उलटा छापलेला फोटो सुलटा कसा निघाला?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यावर जो गदारोळ उठला, त्यात दाढीचा साबण लावलेला एक गृहस्थ हातआरसा घेऊन उठला आणि आरशातला आरसा बघता बघता त्याचा फेस वाळून गेला. कोणी कॅलेंडर खाली डोकं वर पाय करून पाहिलं.

"कॅलेंडरच चुकलंय," पोस्टमास्तरांनी निकाल दिला.

"बाराही महिने?"

वस्तादांना ते फारच लागलं. ज्या शहरात लेक राहते, ते बापाला एका भिंतीवर धड लावता येऊ नये! घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "वर टॉवेल टाका आणि गप्प बसा. पोरगी तुम्हाला भेटायला येतेय, भिंतीला नाही."

त्यांनी दुकानातले सगळे टॉवेल दोरीवर घालून आख्खं टोरोंटो झाकून टाकलं.

शुक्रवारी लेक बॅग घेऊन थेट दुकानातच आली. बाक गच्च भरला होता आणि त्यातल्या एकाचेही केस वाढलेले नव्हते. बापलेकीची गळाभेट झाली, डोळे पुसून झाले.

"बाबा, इतके टॉवेल इथे का वाळत घातलेत?" म्हणत तिनं एक ओढला. मनोऱ्याचं टोक दिसलं. मग तिनं बाकीचे भराभर काढले. भिंतीकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं आणि जागीच थबकली.

"चुकलंय, माहितीये मला," वस्ताद घाईघाईनं म्हणाले. "आधी सरळ लावला होता, मग उलटा–"

"बाबा, तुम्हाला कळलं कसं?"

"काय कळलं?"

"मी पाठवलेला फोटो आरशातला काढलेला होता. तो मुळातच उलटा होता."

पोस्टमास्तर बाकावरून उठले. लेकीनं मान खाली घातली.

"माझ्या मागे खिडकी असते. खिडकीत शहर, समोर आरसा आणि खुर्चीत गिऱ्हाईक. परीक्षा पास झाले, बाबा, पण आकड्यांत मन रमेना. वर्ष झालं, मी तिकडे केस कापते. जाताना तुम्ही बजावलं होतं, कात्रीला हात लावायचा नाही, मोठ्या इमारतीत बसायचं. म्हणून सांगायची हिंमत झाली नाही." तिनं पुन्हा आरशाकडे पाहिलं. "मला रोज अगदी असंच दिसतं. मागे खरं शहर आणि आरशात उलटं."

वस्तादांनी विचारलं, "खुर्च्या किती?"

"एकच. तुमच्या दुकानाच्या निम्मं आहे आमचं."

"निम्मं?" वस्तादांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांचं ओझं एका आकड्यानं उतरलं, आणि पोरीनं आपलंच काम उचललं याचा आनंद त्यांना लपवता येईना. त्यांनी गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि ते स्वतःच खुर्चीत बसले. "घे कात्री. बघू तरी तिकडे काय शिकवलंय."

ती मागे उभी राहिली. पोस्टमास्तरांना मात्र चैन पडेना.

"ते सगळं ठीक आहे, वस्ताद. पण आता तुमच्या आरशात मनोरा नक्की कुठल्या बाजूला दिसतोय?"

वस्तादांनी नीट निरखून पाहिलं.

"दिसतच नाहीये," ते म्हणाले. "मधे माझी लेक उभी आहे."