बेडोकच्या खिडकीतील सूर्यमोहिमेची हकीकत

श्रीसूर्यनारायण साक्ष. सिंगापूर बेटी, बेडोक परगणियात, सन दोन हजार एकोणीस इसवीत जे थोर राजकारण जाहले, ते पुसणारांस कळावे म्हणोन यथास्थित लिहिले आहे. पदरचे काही घातले असल्यास ते शोभेपुरते.

राजश्री उल्हासराव, जहाजावरील माजी चीफ इंजिनीअर, निवृत्त होताच सूर्याचे पोटातील चुंबकी बंडावर नजर ठेवावी ऐसा मनसुबा करिते जाहले. हे बंड बिंबावर काळ्या डागांचे रूपे दिसते आणि अकरा वर्षांचे सुमारास वाढोन ओसरते. तो सबंध फेरा, ढग नसता एकही सकाळ न चुकविता, टिपावा ही प्रतिज्ञा. मग दुर्बीण आणविली, आणि बिंब कागदावर पाडोन डाग रेखिले, आणि दहा वर्षे मोहीम अखंड चालली. परंतु फ्लॅटास पूर्वेची खिडकी एकच, ती स्वयंपाकघरची. कपडे वाळविण्याचे बांबूही तेथूनच बाहेर निघत, आणि त्या मुलखाची सुभेदारी सौभाग्यवती सुमित्राबाईंकडे.

त्या साली सूर्य निपट शांत जाहला. हप्तेच्या हप्ते कागद कोरा. मग बाईसाहेबांनी तांदूळ निवडता निवडता फर्मान काढिले, की ज्या सूर्यावर काही नाही तो पाहण्यास खिडकी अडविणे नामंजूर. रविवारपावेतो एक तरी डाग हजर करावा, न केल्यास दुर्बीण माळ्यावर रवाना व्हावी. फेरा पुरा होण्यास थोडकेच उरले असता हा घाला पडला, आणि उल्हासरावांचा चहा पुढ्यात निवोन गेला.

शनिवारी मात्र चमत्कार जाहला. बिंबाचे ऐन मध्यावर डाग उभा! काळा, वाटोळा, बाणेदार. उल्हासरावांनी आरोळी ठोकिली, आणि डाग रेखिला, आणि शिऱ्याचा हुकूम सोडिला. तो कन्या किमया टोस्ट चावीत आली, आणि असे कसे म्हणोन सिंगापुरी बोलीत पुसती जाहली.

"बाबा, सूर्य सरकला, तुमचा स्पॉट तिथेच. हाऊ कॅन, लाह?"

 मग चौकशीअंती निष्पन्न जाहले, की पुसावयास काढिलेले दुर्बिणीचे डोळ्याकडील भिंग खासे उल्हासराव ओट्यावर विसरले, आणि फोडणीने तेथे छापा घातला. बाईसाहेबांनी करंगळीचे टोकावर कैदी घेऊन हजर केला.

"अहो, पोह्यांतली मोहरी आहे ही!"

उल्हासरावांनी रबर घेतला, डाग खोडिला, खाली स्वहस्ते शून्य मांडिले, आणि मुकाट दुर्बिणीचे स्क्रू सैल करू लागले. बाईसाहेब पाहात होत्या.

"राहू दे ती तिथेच."

"काही नाहीये गं सूर्यावर."

"इथल्या तांदळात तरी कुठे खडे असतात? दहा वर्षांत एक सापडला नाही. निवडतेच ना मी रोज?"

येणेप्रमाणे तह जाहला: फोडणीपूर्वी खिडकी सूर्याची, तदनंतर बांबूंची, भिंग ओट्यावर दिसल्यास जप्त.

रविवारी उभयतांनी आपापली मोहीम केली. सूर्यावर डाग नाही, तांदळात खडा नाही. फत्ते जाहली.